यामाहा पी-४५ वर एलीयाचा अध्याय : वारा, भूकंप, आग जमतंय, मंद वाणीचं ऐका

नुसती गाणी वाजवायला कुठला पण कीबोर्ड चालतोय, हा रिव्ह्यू स्वतःचं काहीतरी बांधायचंय त्यांच्यासाठी. मी बेळगावचा, आमच्या मराठी उपासनेत पेटी वाजवतो. यामाहाचा पी-४५ हा डिजिटल पियानो वापरलेला घेतला, कारण २०२३ ला त्याच्या जागी नवा पी-१४५ आला तसं हे मॉडेल मागं पडलं.

डोक्यात बायबलातल्या १ राजे या पुस्तकाचा १९ वा अध्याय होता. एलीया संदेष्टा होरेब डोंगरावर, खडक फोडणारा वारा, मग भूकंप, मग आग, आणि तिन्हीत परमेश्वर नाही, शेवटी एकदम मंद वाणी. जर्मन संगीतकार मेंडेल्सोननं १८४६ ला हेच केलं खरं त्याच्याकडं अख्खा ऑर्केस्ट्रा आणि कोरस होता, माझ्याकडं दोन हात आणि शब्द एक पण नाही.

वाऱ्याला डाव्या हातानं खालून वर पळणारे स्वर, भूकंपाला अगदी खालच्या सप्तकात दोन सा आलटून पालटून थरथरवायचे, आगीला वरच्या पट्ट्या तुटक तुटक. ८८ पट्ट्या आहेत म्हणून हे होतंय, ६१ वाल्यावर भूकंपाला जागाच नाही. खालच्या पट्ट्या जड आणि वर जाईल तशा हलक्या, त्यामुळं हाताला पण डोंगर लागतोय बघा. प्रत्येक वेळी 'त्यात नव्हता' म्हटलंय ना, म्हणून मी तिन्ही तुकडे सा वर न आणता प वरच सोडून दिलेत, मग थोडं गप्प, आणि सा वर पहिल्यांदा टेकतोय ते मंद वाणीतच. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही खरं बेचैनी कळतेय.

आता खरी परीक्षा. पेटीत आवाज भात्यावर असतोय, बोटाचा जोर कितीही लावा फरक नाही. इथं सगळं बोटावर. टच, म्हणजे बोटाच्या जोरानं आवाज किती बदलायचा ती सेटिंग, मीडियमवर ठेवला तर हळू स्वर पण जरा पुढं येतात, हार्ड करा, मग खालच्या आवाजात खेळायला भरपूर जागा मिळतेय आणि मंद वाणीचे स्वर कुजबुजल्यासारखे येतात, माझे पैसे तिथंच वसूल. जुलैत आमच्याकडं पत्र्यावर पाऊस असा पडतोय की मंद वाणी एलीयाला पण ऐकू आली नसती, त्यामुळं काम सगळं हेडफोनवर.

अडचणी पण सांगतो. एकावेळी ६४ आवाज एवढीच मर्यादा, म्हणजे वाऱ्याच्या तुकड्यात स्वर लांबवणारा पेडल दाबूनच धरला की जुने स्वर गळणार, अधूनमधून सोडत राहायचं. सोबतचा छोटा पेडल नुसता ऑन-ऑफ, अर्धा दाबून आवाज हळूहळू विरवायचा असेल तर यामाहाचा एफसी३ए पेडल वेगळा घ्यावा लागतोय, आणि या अध्यायाला तो लागतोयच. आत रेकॉर्डिंग नाही, यूएसबीनं लॅपटॉपला जोडून म्यूजस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून काढा, ते फुकट आहे.

वजन साडेअकरा किलो, एकटा माणूस उचलतोय. खरं चर्चमध्ये न्यायचा असेल तर ६-६ वॉटचे स्पीकर हॉलला पुरत नाहीत, हेडफोनच्या जॅकमधूनच वायर काढून मिक्सरला द्यायची, आणि वायर घातली की आतले स्पीकर बंद, त्यामुळं वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यायला मॉनिटर स्पीकर वेगळा सांगून ठेवा.