मटण सोडायचंय: सोयाबीन वडी की अख्खा मसूर?

कोल्हापुरात मटण सोडायचं म्हटलं की पहिला प्रश्न रविवारच्या रश्शाचा. त्यात घरात ताट बघून नाक मुरडणारं पोर असेल तर विचारूच नका.

प्रथिनांत सोयाबीन वडी खूप पुढे: कोरड्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ५० ग्रॅम, मसुरात साधारण २४. पण आकडा पोटात जायला हवा ना! वडी गरम पाण्यात भिजवून, दोनदा घट्ट पिळून, कांदा-लसूण चटणीत चांगली परतली नाही तर उग्र वास राहतो. पोरानं एकदा तोंडातून बाहेर काढली की पुढच्या वेळी भांडं बघूनच उठतं. मटणाची सवय असलेल्या मोठ्यांना मात्र तांबड्या रश्शात चावायला काहीतरी लागतं, तिथं वडीच बरी.

अख्खा मसूर कुणाची नक्कल करत नाही. आपल्याकडच्या ढाब्यांवर तो आधीपासून मानानं मिळतो. दाणा मऊ, चव ओळखीची, भाकरी कुस्करून खाता येते. वर लिंबू पिळलं तर त्यातलं लोहही जास्त अंगी लागतं. मुलांसाठी मी मसूरच निवडेन.

मटणातून, दुधातून मिळणारं बी-१२ जीवनसत्त्व मात्र या दोन्हींत नाही. दूध-दहीही बंद करणार असाल तर डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा.