इंटरमॅक्स: हृदयपंपांची नोंदवही, कामाची पण उशिरा बोलणारी

छातीत बसवलेला हृदयपंप चार-पाच वर्षांनी कसा वागतो, हे परवान्याआधीच्या चाचणीतल्या काही शे रुग्णांवरून कळत नाही. त्यासाठी अमेरिकेत 2006पासून इंटरमॅक्स ही रुग्णनोंदवही आहे. आधी ती अलाबामा विद्यापीठ सांभाळत असे, 2018पासून सोसायटी ऑफ थोरॅसिक सर्जन्स ही छातीच्या शल्यविशारदांची संघटना सांभाळते.

तिचं खरं बळ शस्त्रक्रियेआधीच्या नोंदीत आहे. प्रत्येक रुग्णाला 1 ते 7 यांपैकी एक पातळी मिळते. 1 म्हणजे शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोलमडलेला), तासागणिक ढासळणारा. 7 म्हणजे हिंडताफिरता, पण थोड्या श्रमाने धाप लागणारा. ही पातळी नसेल तर मृत्यूचं खापर पंपावर फोडायचं की मुळातल्या आजारावर, हे ठरवताच येत नाही. पुढे आठवडा, महिना, तीन महिने, सहा महिने आणि मग दर सहा महिन्यांनी तपासणीची नोंद. रक्तस्राव, संसर्ग, पक्षाघात, पंपातला बिघाड हे सगळं वेगळं लिहिलं जातं.

नोंदवहीची उणीव उघडी पडली ती हार्टमेट 2 या पंपाच्या वेळी. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांत पंपात गुठळी होण्याचं प्रमाण मार्च 2011पूर्वी 2.2 टक्के होतं, जानेवारी 2013पर्यंत ते 8.4 टक्क्यांवर गेलं. हे दाखवलं तीन रुग्णालयांनी, आपापले आकडे एकत्र करून. गुठळीत तांबड्या पेशी फुटतात आणि रक्तातलं एलडीएच हे एन्झाइम वाढतं. निदानाआधीच्या काही आठवड्यांत ते 540वरून 1490पर्यंत चढलेलं त्यांना दिसलं. इंटरमॅक्समध्येही खूण होतीच: सहा महिने गुठळीपायी पंप बदलावा न लागलेले किंवा मृत्यू न आलेले रुग्ण 2009मध्ये 99 टक्के, 2012मध्ये 94 टक्के. पण हिशेब फक्त पंपबदल आणि मृत्यूचा. नुसत्या औषधांवर निभावलेली गुठळी त्यातून निसटते, आणि धोक्याची चाहूल तर तिथेच आधी लागते!

एचव्हीएडी या दुसऱ्या पंपाच्या बाबतीत नोंदवहीची कामगिरी बरी होती. पक्षाघात आणि मृत्यू इतर पंपांपेक्षा जास्त, असं तुलनांतून दिसत गेलं आणि जून 2021मध्ये कंपनीने विक्री थांबवली. बसवलेले पंप मात्र सरसकट काढू नयेत असाच सल्ला होता, त्यामुळे त्या रुग्णांचा पाठपुरावा विक्रीनंतरही लागतोच.

अहवाल वाचताना एक पथ्य पाळा. हृदय प्रत्यारोपण झालं की पंपाचा हिशेब तिथेच थांबतो, म्हणून पाच वर्षांचा आलेख बरेचदा मागे उरलेल्या थोड्यांवर उभा असतो. आधी आलेखाखालची रुग्णसंख्या बघा, टक्केवारी नंतर.