एसबीसीएल आणि स्लाइम, आठ महिन्यांनंतर: लॅपटॉप ठाण्यात, मदत ऐरोलीतून

रात्री साडेदहाला दुरुस्त केलेलं व्याजाचं फंक्शन सकाळी पुन्हा जुनंच उत्तर द्यायला लागलं, म्हणून हा अनुभव लिहायला घेतला. काम घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या मेंटेनन्स बिलांचं. ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, उबुंटू २२.०४, एसबीसीएल (कॉमन लिस्प भाषेचा कंपायलर), ईमॅक्स एडिटर, स्लाइम (ईमॅक्समधून चालू लिस्पशी बोलणारं साधन) आणि क्विकलिस्प (लिस्पच्या लायब्ररी उतरवणारं). अडलं की मदतीला एक जण ऐरोलीत, एक कळव्यात. लिस्पच्या कंसांची सवय कशी होते वगैरे इथे नाही.

या सगळ्यात मन जिंकलं ते स्वँकने, म्हणजे स्लाइमच्या लिस्पच्या बाजूला चालणाऱ्या सर्व्हरने. दुसऱ्याच्या मशीनवर चालू असलेल्या प्रोग्रॅममध्ये थेट शिरून त्याची तपासणी करता येते, आणि स्क्रीन शेअरिंगपेक्षा हे कितीतरी पटीने उपयोगी आहे. ज्याला मदत हवी त्याने चालू लिस्पमध्ये (स्वँक:क्रिएट-सर्व्हर :पोर्ट ४००५ :डोन्ट-क्लोज टी) द्यायचं. शेवटचा पर्याय विसरलात तर पहिला माणूस जोडला गेला की सर्व्हर नव्या जोडण्या घेणं बंद करतो. मग एकदा लाइन तुटली की आत यायला वाट नाही, आणि फोनवर 'परत चालू कर' असं सांगत बसावं लागतं. आमच्या निम्म्या अडचणी या एका शब्दाच्या होत्या.

घरच्या ब्रॉडबँडला बहुतेक वेळा बाहेरून थेट पोचता येत नाही. त्यामुळे मधे एक छोटा भाड्याचा सर्व्हर लागतो; या सेटअपमधला खर्च तेवढाच, तो तिघांनी वाटून घेतलाय. ठाण्याच्या लॅपटॉपवरून त्या सर्व्हरकडे एसएसएचचा (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणीचा) उलटा टनेल (वजा कॅपिटल आर, ४००५:१२७.०.०.१:४००५), ऐरोलीतून सरळ टनेल (वजा कॅपिटल एल, ४००६:१२७.०.०.१:४००५), आणि मग ईमॅक्समध्ये स्लाइम-कनेक्ट, पोर्ट ४००६. स्वँक फक्त लूपबॅकवर (त्याच मशीनवरच्या जोडण्यांना) ऐकतो, ते तसंच राहू द्या. त्याला मुळात पासवर्ड नसतो. पोर्ट उघडा टाकला तर येणारा कोणीही तुमच्या मशीनवर वाटेल तो कोड चालवू शकतो. टनेल मधेच तुटत असेल तर एसएसएचमध्ये सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ३० ठेवा. जोडताना 'व्हर्जन्स डिफर' असा प्रश्न आला तर 'हो' म्हणून पुढे जाऊ नका, पुढे इन्स्पेक्टर (आतली माहिती दाखवणारी खिडकी) कधीतरी दगा देतो. दोघांनीही क्विकलिस्प-स्लाइम-हेल्पर एकाच डिस्टवरून (क्विकलिस्पच्या एकाच संचातून) घेतला की हा प्रश्न उरत नाही.

डीबगरबद्दल जेवढं चांगलं लिहावं तेवढं कमीच. १८० फ्लॅटची बिलं निघताना १३७ व्या फ्लॅटवर एरर आली तर आधीची १३६ वाया जात नाहीत. स्टॅक, म्हणजे चालू असलेल्या फंक्शनांची साखळी, तसाच उभा असतो. त्यातल्या फ्रेमवर (एका फंक्शनवर) जाऊन व्ही दाबला की कोड समोर येतो, ई दाबून त्या क्षणीचे व्हेरिएबल तपासता येतात. फंक्शन सुधारा, कंट्रोल-सी कंट्रोल-सी (ते फंक्शन पुन्हा कंपाइल), आणि त्याच फ्रेमवर आर दाबा: गाडी १३७ पासून पुढे निघते. फक्त फाइलच्या सुरुवातीला (डीक्लेम (ऑप्टिमाइझ (डीबग ३))) हवं, नाहीतर नेमका हवा असलेला व्हेरिएबल ऑप्टिमायझरने आधीच गिळलेला असतो.

पहिले पाच महिने मत एवढंच होतं: यापेक्षा चांगलं काही नाही. आता ते थोडं बदललंय.

कारण वर लिहिलेली सकाळ. ऐरोलीच्या माणसाने स्वतःच्या फाइलमध्ये फंक्शन सुधारून कंट्रोल-सी कंट्रोल-सी केलं. ठाण्यातली चालू इमेज (मेमरीत चालू असलेला प्रोग्रॅम) सुधारली, उत्तर बरोबर आलं, सगळे झोपायला गेले. पण ठाण्याच्या डिस्कवरची फाइल जुनीच होती. सकाळी लॅपटॉप पुन्हा चालू झाला, जुनी फाइल लोड झाली. स्लाइम यात कुठेही सावध करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नसतं. उलटी गतही होते: फाइलमधून काढून टाकलेलं फंक्शन इमेजमध्ये जिवंत राहतं आणि कोणीतरी त्यालाच हाक मारत असतं. ते खरंच घालवायचं तर त्याच्या नावावर कंट्रोल-सी कंट्रोल-यू. डेफव्हारने जाहीर केलेल्या व्हेरिएबलचंही तसंच. फाइलमधला दर बदलून पुन्हा लोड केली तरी व्हेरिएबलला आधी किंमत असेल तर जुनीच राहते. बदलणारे दर डेफपॅरामीटरमध्येच ठेवा.

आता नियम असा: दूरच्या इमेजमध्ये बघा, तपासा, हवं तर तात्पुरतं बदलून पाहा, पण दुरुस्ती गिटमधून ठाण्याच्या फाइलमध्ये उतरल्याशिवाय काम झालं असं म्हणायचं नाही. बंद करण्याआधी स्लाइम-रीस्टार्ट-इन्फीरिअर-लिस्प, कोऱ्या इमेजमध्ये सगळं लोड, आणि एकूण रक्कम जुळते का ते पाहायचं. दोन मिनिटंही लागत नाहीत.

आता व्याज. अपूर्णांक अचूक राहतात, हे हिशेबाच्या कामात सोनं आहे. वर्षाला २१ टक्के सरळ व्याज धरलं तर महिन्याचा दर बरोबर ७/४००. (* ४३५० ७/४००) चं उत्तर ६०९/८, म्हणजे ७६.१२५, पैचाही घोळ नाही. घोळ पुढच्या पायरीला होतो. ४२०० च्या थकबाकीवर व्याज ७३.५०, राउंड केल्यावर ७४. ४६०० वर ८०.५०, राउंड केल्यावर ८०! एसबीसीएल चुकत नाहीये. कॉमन लिस्पचा राउंड बरोबर अर्ध्यावर असलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेतो, असंच भाषेच्या मानकात लिहिलेलं आहे. पण एकाला ५० पैसे वर आणि दुसऱ्याला ५० पैसे खाली, हे सर्वसाधारण सभेत कोणालाही पटवता येणार नाही. (फ्लोअर (+ व्याज १/२)) वापरा, ५० पैसे कायम वरच जातात. त्या रात्रीची दुरुस्ती हीच होती.

देवनागरीने अजिबात त्रास दिला नाही. फंक्शनचं नाव थकबाकी ठेवलंय, चालतं. पार्स-इंटिजरला "४६००" देवनागरी अंकांत दिलं तरी संख्या बरोबर मिळते, हे कळलं तेव्हा खरंच आनंद झाला. फक्त (लेंग्थ "ठाणे") चं उत्तर ४ येतं, कारण काना आणि मात्रा वेगळे मोजले जातात. बिलातले रकाने लेंग्थवर जुळवू नका. आणि एसबीसीएलची २.१.२ च्या आधीची आवृत्ती असेल (उबुंटू २०.०४ मध्ये २.०.१ मिळते) तर क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप) चालवताना नावांवर एन्कोडिंगची एरर येते. फाइल उघडताना :एक्स्टर्नल-फॉरमॅट :यूटीएफ-८ लिहा.

सेव्ह-लिस्प-अँड-डाय (चालू प्रोग्रॅमची स्वतंत्र फाइल बनवणारं फंक्शन) स्लाइममधून चालवू नका. एकापेक्षा जास्त थ्रेड चालू असताना ते नकार देतं आणि स्वँकचे थ्रेड तर चालूच असतात. टर्मिनलवरून नॉन-इंटरॲक्टिव्ह पर्यायाने करा. बनलेली फाइल साधारण ४० एमबीची होते, पण खजिनदारांच्या मशीनवर वेगळं काहीच बसवावं लागत नाही. टॉप या मेमरी दाखवणाऱ्या कमांडमध्ये व्हर्टच्या रकान्यात ८ जीबी दिसले म्हणून रॅम घ्यायला धावू नका, ती नुसती राखून ठेवलेली जागा असते. रेसचा रकाना बघा, आमच्याकडे तो २०० एमबीच्या वर गेलेला नाही.

मदत मागताना स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका, कंस दिसत नाहीत. (लिस्प-इम्प्लिमेंटेशन-व्हर्जन) चं उत्तर, एररचा पूर्ण मजकूर, रीस्टार्टची (डीबगर देतो त्या पर्यायांची) यादी आणि बॅकट्रेसच्या (स्टॅकच्या यादीच्या) वरच्या दहा ओळी मजकूर म्हणून पाठवा, आणि डीबगरची खिडकी तशीच उघडी ठेवा. क्यू दाबून बाहेर पडलात की ऐरोलीच्या माणसाने जोडून बघावं असं आत काही उरत नाही.