लांब पल्ल्याच्या विमानातली मद्यसेवा: पाचपैकी तीन

लोहगाव (पुणे) ते दिल्ली घसा कोरडाच राहणार. देशांतर्गत विमानात दारू मिळत नाही आणि स्वतःची बाटली उघडायलाही बंदी आहे. पुढच्या आंतरराष्ट्रीय टप्प्यावर मात्र बहुतेक फुल-सर्व्हिस कंपन्या ती तिकिटातच देतात.

गफलत होते ती मापात. बारमधला स्मॉल पेग ३० मिलीचा, विमानातली छोटी बाटली बहुधा ५० मिलीची. दोन रिचवल्या की तीन पेगांच्या वर गेलात. वाइनची १८७ मिलीची बाटलीही मद्यार्काच्या हिशेबात अशा एका छोट्या बाटलीइतकी तरी भरते. ‘वाइनने काय होतंय’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. शिवाय केबिनमधला दाब साधारण ६ ते ८ हजार फुटांवरचा, म्हणजे बसल्या जागी कळसूबाईच्याही वर. ऑक्सिजन कमी मिळतो, हवा कोरडी असते, त्यामुळे तेवढ्याच दारूने जास्त गुंगी येते. वर झोपेची गोळी घेणं सगळ्यात वाईट.

वाढपाला मात्र चांगले गुण. अनुभवी कर्मचारी आधी जेवण देतात, सोबत पाणी, पुढचा ग्लास मुद्दाम उशिरा, आणि जीभ जड झालेली दिसली की सरळ नकार. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क-दिल्ली विमानात नशेतल्या प्रवाशाने सहप्रवासी महिलेवर लघवी केल्याच्या आरोपाच्या प्रकरणात एअर इंडियाला ३० लाखांचा दंड झाला. त्यानंतर कंपनीने प्रवाशाची अवस्था हिरवी, पिवळी, लाल अशी ओळखायची पद्धत घेतली.

दोन गुण कापले ते दाराबाहेरच्या हिशेबासाठी. दिल्लीच्या लाउंजमध्ये चार तास फुकट प्यायलेला प्रवासी ट्रॉलीसमोर ‘पहिलाच’ म्हणून हात पुढे करतो. आधीचं कुठेच मोजलेलं नसतं, आणि उंचीवर ते चढतं तेव्हा दार बंद झालेलं असतं. ड्यूटी-फ्रीची बाटली सीटखाली गुपचूप उघडणारे वेगळेच.

शेजारी असा निघाला तर वाद घालू नका. कॉल बटण दाबा, जागा बदलून मागा, त्याचा सीट नंबर टिपा आणि घटनेची लेखी नोंद उतरण्याआधीच करून घ्या. डीजीसीए या हवाई वाहतूक नियामकाच्या २०१७ च्या नियमांनुसार कंपनीची समिती ३० दिवसांत निर्णय देते: शिवीगाळ किंवा दारूचा धिंगाणा असेल तर तीन महिन्यांपर्यंत उड्डाणबंदी, धक्काबुक्की किंवा अंगचटीला येणं असेल तर सहा महिन्यांपर्यंत, जिवावर बेतणारं काही असेल तर किमान दोन वर्षं. पोलीस तक्रार याहून वेगळी. ती विमानतळावर उतरल्या उतरल्याच द्या, कारण साक्षीदार बॅगा उचलून पांगतात.