कॅक्टस लीग: तिकीट मॅचचं, पण खरी मजा सकाळच्या सरावाची

आधी निकाल. आवडता बेसबॉल संघ मार्चमध्ये ऍरिझोनात असेल तर कॅक्टस लीगसाठी, म्हणजे अमेरिकेच्या मेजर लीगच्या मोसमाआधीच्या तिथल्या सराव सामन्यांसाठी (या सराव-काळालाच ‘स्प्रिंग’ म्हणतात), चार दिवस जरूर काढावेत, पैसे वसूल होतात. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्यावी: तिकीट मॅचचं मिळतं, पण बघण्यासारखं बरंचसं मॅचच्या आधीच होऊन गेलेलं असतं. स्कोअरबोर्डकडे डोळे लावून बसणाऱ्याची पाचव्या इनिंगनंतर निराशा ठरलेली.

मेजर लीगच्या 30 संघांपैकी 15 फिनिक्सच्या परिसरात सराव करतात, उरलेले 15 फ्लोरिडात, ग्रेपफ्रूट लीगमध्ये. 1947 साली क्लीव्हलँड आणि तेव्हाचे न्यूयॉर्क जायंट्स अशा दोनच संघांवर ऍरिझोनातला कारभार सुरू झाला. आज 15 संघ मिळून 10 मैदानं वापरतात आणि ती सगळी एकाच महानगरात आहेत. फ्लोरिडात टॅम्पाहून फोर्ट मायर्सला जायचं तर 130 मैल गाडी हाकावी लागते. इथे सरप्राइजपासून मेसापर्यंतचं सगळ्यात लांबचं अंतर चाळीसेक मैल. त्यामुळे दुपारी एक मॅच आणि संध्याकाळी दुसऱ्या मैदानावर दुसरी, असा बेत आरामात जमतो. गाडी मात्र हवीच. सार्वजनिक वाहतुकीच्या भरवशावर आखलेला कार्यक्रम पहिल्याच दिवशी कोलमडतो.

कधी जायचं हे कशासाठी जायचं त्यावर ठरतं. पिचर (बॉल टाकणारे) आणि कॅचर (बॅटरमागे बसून तो झेलणारे) फेब्रुवारीच्या मध्याला दाखल होतात, बाकीचे त्यानंतर काही दिवसांनी. मॅच सुरू होण्याआधीचा तो आठवडा अस्सल चाहत्यांचा. गर्दी कमी, सराव पाहायला बहुतेक ठिकाणी तिकीट नाही, आणि खेळाडू कुंपणापासून हाताच्या अंतरावर. मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मुख्य खेळाडू जास्त वेळ खेळतात, पण शाळा-कॉलेजांच्या सुट्ट्या लागलेल्या असल्यामुळे हॉटेलं महाग होतात. वर्ल्ड बेसबॉल क्लासिकच्या वर्षी मार्चच्या पूर्वार्धात अर्धे स्टार आपापल्या देशासाठी खेळायला गेलेले असतात. तो काळ टाळावा, किंवा फक्त तरुण पोरं बघायला जावं.

आता सकाळबद्दल. मुख्य स्टेडियमच्या मागे सरावाची पाच-सहा मैदानं असतात, त्यांना सगळे ‘बॅक फील्ड्स’ म्हणतात. तिथे नऊ-साडेनऊपासून जे चालतं ते टीव्हीवर कधीच दिसत नाही. पिचर्सच्या फील्डिंगचा सराव घ्या. पहिल्या बेसच्या बाजूला ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा बॉल) गेला की पिचरने बेस कव्हर करायला धावायचं असतं. बरोबर पद्धत अशी: सरळ बेसकडे न धावता बेसच्या दहा-पंधरा फूट अलीकडे फाउल लाइन (मैदानाच्या बाजूची हद्दरेषा) गाठायची, तिथून लाइनला समांतर वर जायचं आणि उजव्या पायाने बेसची आतली कड टिपायची. सरळ रेषेत धावणारा पिचर रनरच्या वाटेत आडवा येतो, आणि घोटे-गुडघे जायबंदी होतात ते तिथेच. नवखा पिचर हेच चुकतो आणि कोच त्याला पुन्हा पुन्हा धावायला लावतो. तो दहा मिनिटांचा तमाशा एखाद्या रटाळ मॅचपेक्षा जास्त शिकवून जातो.

बुलपेन सेशन (पिचरचा बॅटरशिवायचा सराव) बघताना कॅचरच्या मागे किंवा पिचरच्या बरोबर बाजूला जागा धरावी. पुढचा बॉल कोणता, हे पिचर ग्लव्ह हलवून कॅचरला सांगतो: ग्लव्ह पुढे झटकला तर फास्टबॉल, गोल वळवला तर कर्व्ह (वळणारा बॉल), अंगाकडे मागे ओढला तर चेंजअप (फसवा संथ बॉल). एवढं कळलं की नवा पिच (बॉलचा प्रकार) शिकणारा पिचर लगेच ओळखू येतो. तोच इशारा सारखा सारखा येतो आणि बॉल जमिनीवर आपटत असतो. तिपाईवर हायस्पीड कॅमेरा लावून तिघं-चौघं टॅबलेटमध्ये डोकं घालून बसलेले दिसले, तर समजावं की तिथे ग्रिपवर काम चाललंय. त्यानंतरच्या ‘लाइव्ह बीपी’मध्ये (खऱ्या पिचरसमोरच्या बॅटिंग सरावात) बॅटर सुरुवातीला बॅट न फिरवता नुसता बॉल बघत उभा राहतो. तो आळशीपणा नव्हे. चार महिन्यांत ताशी 95 मैलांचा बॉल न पाहिलेल्या डोळ्यांना तो पुन्हा ओळखीचा करून द्यावा लागतो.

मैदानांमध्ये सगळ्यात उजवं सॉल्ट रिव्हर फील्ड्स. डायमंडबॅक्स आणि रॉकीज या दोन संघांचं हे घर 2011 मध्ये उघडलं, सॉल्ट रिव्हर पीमा-मॅरिकोपा समाजाच्या जमिनीवर. आदिवासी भूमीवरचं मेजर लीगचं हे पहिलं सराव केंद्र. प्रेक्षकक्षमता साधारण 11,000, छत मोठं, सावली भरपूर, आणि मोकळ्या वाटेने संपूर्ण मैदानाला चक्कर मारता येते. दोन संघ एकाच आवारात असल्यामुळे जवळजवळ रोज इथे मॅच असते, हा आणखी एक फायदा.

कॅमलबॅक रँच हे डॉजर्स आणि व्हाइट सॉक्सचं. सरावाचा भाग या मैदानाइतका रमणीय दुसरीकडे नाही: पाणी, झाडं, मैदानांमधून जाणाऱ्या पायवाटा. पण बॅटिंग आणि पिचिंग दोन्ही करणारा जपानी स्टार शोहेई ओहतानी डॉजर्सकडे आल्यापासून सकाळी तिथे जत्रा भरते. कुंपणाला टेकायला जागा हवी तर दार उघडायच्या आधी रांगेत उभं राहायची तयारी ठेवावी. कब्ज संघाचं मेसामधलं स्लोन पार्क 15,000 क्षमतेचं, लीगमधलं सगळ्यात मोठं, आणि तरीही तिकिटाला सगळ्यात टंचाई इथेच. आउटफिल्डचं, म्हणजे मैदानाच्या दूरच्या टोकाचं, प्रेक्षकांना बसायचं लॉन झकास आहे. मात्र सराव निवांतपणे बघायचा असेल तर हे ठिकाण नाही. जायंट्सचं स्कॉट्सडेल स्टेडियम गावाच्या मध्यात, मॅचनंतर जेवायला चालत जाता येतं. गुडइयर आणि सरप्राइज दूर पडतात, म्हणूनच स्वस्त आणि ऐसपैस. गार्डियन्स, रेड्स, रॉयल्स किंवा रेंजर्सच्या चाहत्यांनी उगाच हळहळू नये, खेळाडूंशी दोन शब्द बोलायची संधी तिथेच जास्त.

जागा निवडताना सूर्याचा विचार संघाच्या डगआउटच्या (खेळाडूंच्या बसायच्या जागेच्या) आधी करावा. नियमपुस्तकातच शिफारस आहे की होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो तिथून) सेकंड बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येला असावी. म्हणजे दुपारचा सूर्य साधारण होम प्लेटच्या मागून येतो. तिसऱ्या बेसच्या बाजूला आणि प्लेटमागच्या वरच्या रांगांत सावली आधी येते. पहिल्या बेसकडचे लोक शेवटपर्यंत भाजून निघतात. लॉनचं तिकीट सगळ्यात स्वस्त, पण तिथे सूर्य तोंडावर आणि होम प्लेट चारशे फुटांवर. पिचिंग बघायचं तर लॉन निरुपयोगी, मुलांना घेऊन लोळायचं तर उत्तम. दुपारी ऊन 80 फॅरेनहाइटच्या पुढे जातं आणि संध्याकाळच्या मॅचला त्याच दिवशी जाकीट लागतं. वाळवंट आहे, विसरू नये.

सही हवी असेल तर बॉलवर घ्यायला निळं बॉलपेन न्यावं. मार्करची शाई चामड्यात पसरते आणि दोन वर्षांत नाव वाचता येत नाही. कार्डावर किंवा टोपीवर मात्र मार्करच चांगला.

मॅचबद्दल तक्रारी येतात त्या बहुतेक नियम माहीत नसल्यामुळे. इथे मॅच बरोबरीत सुटू शकते. पिचरचे बॉल फार झाले तर त्याला इनिंगच्या मध्येच काढतात, आणि तोच काढलेला पिचर पुढच्या इनिंगला परत येऊ शकतो. एकाच दिवशी संघ दोन तुकड्या करून दोन ठिकाणी खेळतो. वेळापत्रकात नावापुढे ‘एसएस’ (स्प्लिट स्क्वॉड) दिसलं तर समजावं, निम्मे लोक दुसरीकडे आहेत. पाहुण्या संघाने निदान चार नियमित खेळाडू आणावेत असा दंडक आहे, पण ‘नियमित’चा अर्थ संघ बराच सैल लावतात. म्हणून एक सरळ नियम: ज्याला बघायचंय त्याच्या घरच्या मैदानाचंच तिकीट काढावं. अनुभवी खेळाडू बसप्रवास टाळतात. सहाव्या इनिंगनंतर 80-90 नंबरच्या, म्हणजे नवख्यांच्या, जर्सी मैदानात दिसू लागतात आणि घोषणा करणाऱ्यालाही नावं जुळवताना घाम फुटतो. स्टारसाठी आलेल्यांनी तेव्हा खुशाल निघावं. प्रॉस्पेक्टचा (होतकरू तरुण खेळाडूंचा) नाद असलेल्यांनी बसून राहावं, त्यांची मॅच तर तेव्हा सुरू होते. 2024 पासून ‘स्प्रिंग ब्रेकआउट’ नावाने फक्त प्रॉस्पेक्ट संघांचे सामनेही होतात, त्यांचं तिकीट चुकवू नये.

आता काळजीचं खातं. चाहत्याचा मार्च यातच जातो आणि निम्मी काळजी चुकीच्या जागी खर्च होते.

बॅटिंगचे आकडे सोडून द्यावेत. ओहतानीने 2018 च्या स्प्रिंगमध्ये 32 पैकी 4 हिट्स मारले, सरासरी .125. कॅक्टस लीगच्या दोन सामन्यांत पिचर म्हणून त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन) 27.00 होता. त्याच वर्षी तो .285 सरासरी, 22 होमरन करून अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) रूकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवोदित ठरला. आकड्यांकडे बघणाऱ्यांच्या नजरेतून खरी गोष्ट सुटली: मार्च संपता संपता बॅट फिरवताना त्याने पुढचा पाय उंच उचलणं बंद करून नुसता अंगठा टेकवायला सुरुवात केली होती. उलट टोकाला जेक फॉक्स. 2011 च्या स्प्रिंगमध्ये ओरिओल्ससाठी त्याने 10 होमरन ठोकले, मोसमात मात्र दोनच. शिवाय ऍरिझोनात फिनिक्सची उंची 1,100 फुटांच्या आसपास, हवा कोरडी आणि गरम. बॉल लांब जातो, कर्व्ह कमी वळतो आणि बोटांतून निसटतो. इथल्या बॅटरचे आकडे फुगलेले आणि पिचरचे बिघडलेले, असंच धरून चालावं.

पिचरबाबत मोजायच्या गोष्टी दोन: वेग आणि बॉलची संख्या. पहिल्या मॅचला वेग नेहमीपेक्षा एक-दोन मैल कमी असणं साहजिक आहे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातही तो दोन मैल खालीच असेल तर धास्ती रास्त. स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) पहिल्यांदा एक-दोन इनिंग, तीसेक बॉल टाकतो. मग दर पाचव्या दिवशी साधारण पंधरा बॉल वाढवत महिनाअखेर 80-90 वर येतो. एक फेरी चुकली की सगळं गणित किमान पाच दिवस मागे सरकतं. दोन चुकल्या की तो मोसमाच्या पहिल्या दिवशी इंजर्ड लिस्टवर (जखमींच्या यादीत) जाणार, हे मॅनेजरने कबूल करण्याआधी आपल्याला कळतं. निवेदनातले शब्द तोलून वाचावेत. ‘पाठ आखडली’ म्हणजे बहुधा चार दिवस. ‘फोअरआर्ममध्ये ताठरपणा, एमआरआय होणार’ म्हणजे छातीत धस्स, कारण कोपराच्या लिगामेंटचं दुखणं बऱ्याचदा याच वाटेने येतं. मार्च 2025 मध्ये यांकीजच्या गेरिट कोलला टॉमी जॉन शस्त्रक्रिया (याच लिगामेंटची) करावी लागली आणि अख्खा मोसम गेला. पण दुखापत पिचरलाच होते असं नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये डॉजर्सचा गॅव्हिन लक्स पिओरियात सेकंडहून थर्डकडे धावताना थ्रो चुकवायला वाकला आणि गुडघ्याचं एसीएल लिगामेंट फाटलं. त्याचाही पूर्ण मोसम गेला.

26 जणांच्या संघात कोण बसणार, याचा अंदाज हिट्सवरून बांधणारे दरवर्षी फसतात. आधी कागद बघावेत. ज्याच्याकडे मायनर लीगचे ‘ऑप्शन’ (खालच्या लीगमध्ये पाठवायची मुभा) शिल्लक आहेत तो कितीही चमकला तरी खाली जाऊ शकतो. ऑप्शन संपलेल्याला खाली पाठवायचं तर वेव्हर्सवर टाकावं, म्हणजे आधी इतर संघांना खुलं करावं लागतं, आणि दुसरा संघ उचलेल या भीतीने त्याला ठेवलं जातं. रूल 5 मधून (दुसऱ्या संघाचे खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमधून) घेतलेला खेळाडू मोसमभर मुख्य संघात सांभाळावा लागतो, नाहीतर 50,000 डॉलरला मूळ संघाला परत देऊ करायचा. नॉन-रोस्टर निमंत्रित (संघाच्या यादीबाहेरून सरावाला बोलावलेला) असेल तर 40 खेळाडूंच्या यादीत जागा आहे का ते पाहावं. जुन्या दुखापतीचा कुणी 60 दिवसांच्या जखमींच्या यादीवर गेला, तर जागा झालीच. त्यात ही सगळी मंडळी स्प्रिंगमध्ये पगाराशिवाय खेळतात. मिळतो तो आठवड्याचा भत्ता, पगार मोसम सुरू झाल्यावर. पस्तिशीतला निमंत्रित रिलीव्हर (मागाहून येणारा पिचर) आठव्या इनिंगला जीव तोडून का टाकतोय, ते मग उलगडतं.

बॉल-स्ट्राइकच्या चॅलेंजची (पंचाचा निर्णय यंत्राकडून तपासून मागायची) सवय करून घ्यायलाही ही जागा उत्तम. 2025 च्या स्प्रिंगमध्ये 13 मैदानांवर ती यंत्रणा तपासली आणि 2026 पासून ती मोसमासाठी मंजूर झाली. संघाला दोन चॅलेंज, बरोबर ठरलं तर शाबूत. मागू शकतात फक्त बॅटर, पिचर आणि कॅचर, तेही डोक्यावर हात टेकवून तत्काळ, डगआउटची मदत न घेता. स्ट्राइक झोनची (ज्यातून गेलेला बॉल स्ट्राइक ठरतो त्या चौकटीची) वरची कड बॅटरच्या उंचीच्या 53.5 टक्क्यांवर, खालची 27 टक्क्यांवर. चॅलेंज करणाऱ्या कॅचरवर नजर ठेवावी. पहिल्याच इनिंगला दोन्ही उधळणारा आणि आठवीपर्यंत एक राखणारा, यातला फरक एप्रिलमध्ये एखादी मॅच फिरवू शकतो.

एकच खेप परवडत असेल आणि रोस्टरचं नाट्य हवं असेल, तर मोसमाच्या पाच दिवस आधीची तारीख धरून उलट मोजावं. ठराविक अनुभव असलेल्या, मायनर लीगच्या करारावरच्या फ्री एजंटना (कुठल्याही संघाशी करार करायला मोकळे होऊन आलेल्यांना) त्या दिवशी करारातून बाहेर पडायचा पहिला हक्क मिळतो आणि संघाला निर्णय टाळता येत नाही. त्याच्या आधीचे तीन-चार दिवस मैदानात असावं. त्यानंतर थांबण्यात अर्थ नाही, कारण बरेच संघ शेवटचे एक-दोन सराव सामने खेळायला मोठ्या स्टेडियमकडे निघालेले असतात.