कोथरूडमधलं खगोल सेशन: सर भारी, पार्किंगची बोंब

एका छोट्या ग्रुपचं रविवारचं सेशन केलं, विषय दीर्घिकांचे (गॅलक्सींचे) समूह मागून येणारा प्रकाश वाकवून भिंगासारखे कसे वागतात. सरांनी वाईन ग्लासच्या तळातून टॉर्चकडे बघायला लावलं, मधोमध धरला की प्रकाशाचं कडं, जरा सरकवला की तुटक तुकडे, आमच्या बाजूचे आजोबा ग्लास सोडायलाच तयार नव्हते 😄

मग रेफ्सडाल सुपरनोव्हा, म्हणजे एका ताऱ्याचा स्फोट. २०१४ मध्ये हबल अवकाश दुर्बिणीला एकच स्फोट चार ठिकाणी दिसला कारण मधल्या समूहातल्या एका दीर्घिकेनं प्रकाश वाकवलेला, आणि समूहाचं वस्तुमान कसं पसरलंय त्याची मॉडेल्स करून लोकांनी आधीच सांगितलं की अजून एक प्रतिमा येणारे, आणि डिसेंबर २०१५ ला ती आली पण! प्रत्येक प्रतिमेच्या प्रकाशाची वाट वेगळी, शिवाय गुरुत्वामुळे होणारा उशीर वेगळा, म्हणून मागेपुढे. या उशिरावरून विश्व किती वेगानं पसरतंय ते काढता येतं, ही आयडिया सियुर रेफ्सडाल यांची, १९६४ मधली. नेमका हाच भाग शेवटी घाईत गुंडाळला राव.

पार्किंग शून्य, चहा पाणचट. दहावीच्या आतली पोरं नेऊ नका, कंटाळतात.