ऐनवेळचं इंग्रजी शिकवणारे दोन रविवार

नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका इंग्रजी क्लासची ही कार्यशाळा. विषय एकच: तयारी न करता बोलणं आणि त्यासाठीचे इंग्रजी शब्द. दोन रविवार, सकाळी 9 ते 12, बॅच 20 जणांची, फी 1,200 रुपये, त्यात 32 पानांची पुस्तिका. पहिला रविवार शब्दांचा, दुसरा बोलण्याचा. दुसऱ्यात पैसे वसूल होतात. पहिल्याचं मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल.

पुस्तिकेच्या पान 4 वर एक चौकट आहे. इम्प्रॉम्प्टू, एक्स्टेम्पोर, ऑफ द कफ, ॲड लिब, विंग इट, ॲड हॉक, ऑफहँड, कर्सरी, पर्फंक्टरी असे नऊ शब्द आणि सगळ्यांसमोर एकच अर्थ: 'सहज, तयारी न करता'. पाठ करायला सोपं आहे, पण इंटरव्ह्यूत गोत्यात आणणारं.

ॲड हॉक तर इथे यायलाच नको होता. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'यासाठी'. आपल्या सरकारी मराठीतला 'तदर्थ' हा त्याचा नेमका जुळा भाऊ. तदर्थ समिती सहा महिने कागद चाळून अहवाल देऊ शकते. ती त्या कामापुरती नेमलेली असते, एवढंच. पर्फंक्टरी म्हणजे वेठ वारल्यासारखं केलेलं काम. कॅम्पस इंटरव्ह्यूत 'आय डिड अ पर्फंक्टरी प्रोजेक्ट' म्हटलं की आपण पाट्या टाकल्या अशी स्वतःच कबुली दिली. कर्सरी त्याहून सौम्य, पण तोही धावती, ओझरती नजरच सांगतो.

ऑफहँडची गंमत वेगळी. 'आय डोन्ट नो ऑफहँड' हे अगदी सभ्य वाक्य आहे: आत्ता लगेच नाही सांगता येणार, बघून सांगतो. 'ही वॉज ऑफहँड विथ मी' म्हटलं की तोच शब्द तुटक वागण्याची तक्रार होतो. पुस्तिकेत यातला एकही फरक नाही.

उरलेले पाच खरे एका घरातले, पण त्यांचेही स्वभाव निराळे. ॲड लिब म्हणजे 'ॲड लिबिटम', आपल्या मर्जीनं. इथे आधी संहिता असते आणि बोलणारा तिच्यात पदरचं घालतो. आपले नाटकवाले याला 'ॲडिशन घेणं' म्हणतात. क्लासनं झाडीपट्टीच्या नाटकाचं उदाहरण दिलं असतं तर अर्ध्या बॅचला हा शब्द जन्मभर लक्षात राहिला असता. विंग इट हाही रंगभूमीचाच: विंगेत उभ्याउभ्या ऐनवेळी भूमिका घोकायची आणि वेळ मारून न्यायची. मित्रांत 'आय विंग्ड इट' खपून जातं, पॅनेलपुढे नाही. ऑफ द कफ हा अमेरिकेतला शब्द. शर्टाच्या कफवर टिपणं लिहून भाषण ठोकण्यावरून आला असं सांगतात. म्हणजे थोडी तयारी तिथेही आहेच! इम्प्रॉम्प्टूचं मूळ 'इन प्रॉम्प्टू' हेही 'हाताशी तयार' असंच सांगतं.

एक्स्टेम्पोरबाबत क्लास एक गोष्ट चूक शिकवतो आणि एक सांगायची विसरतो. 'गिव्ह ॲन एक्स्टेम्पोर' हे भारतात सर्रास चालतं. बाहेर मात्र हा शब्द नाम म्हणून येत नाही, 'स्पीक एक्स्टेम्पोर' किंवा 'एक्स्टेम्पोर स्पीच' असा येतो. आणि कोशातला उच्चार 'इक्स्टेंपरी' असा आहे, शेवटचा ई मुका नाही. नागपुरात तसं म्हटलंत तर लोक वळून बघतील, म्हणून दोन्ही माहीत असावेत. इम्प्रॉम्प्टूला 'ली' जोडायची सवयही सोडा. 'शी स्पोक इम्प्रॉम्प्टू' एवढं पुरे.

आता दुसरा रविवार. चिठ्ठी उचला, 30 सेकंद विचार, 2 मिनिटं बोला. प्रत्येकाला फेऱ्या मिळतात. साचा साधा: मुद्दा, कारण, उदाहरण, पुन्हा मुद्दा. चिठ्ठीवर 'तर्री-पोहे' आलं तर 'टुडे आय ॲम गोइंग टू स्पीक अबाउट' यात वेळ घालवायचा नाही. 'तर्री इज व्हॉट मेक्स नागपूर्स पोहा डिफरंट' असं थेट आत शिरायचं. बहुतेकांची गाडी अडते ती चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास, कारण 30 सेकंदांत अख्खं मराठी वाक्य जुळवून ते मनातल्या मनात इंग्रजीत उलथवलेलं असतं आणि पुढचं वाक्य तयार नसतं. उपाय क्लासनं बरोबर दिलाय: त्या वेळात वाक्य नाही, फक्त तीन शब्द लिहायचे आणि त्यातला एक उदाहरणाचा हवा. शिक्षिका चुका मधेच तोडत नाहीत, फेरी संपल्यावर सांगतात. हे फार चांगलं.

एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांतल्या अधिकारी निवडीच्या मुलाखतींची, तयारी करणाऱ्यांनी मात्र घड्याळ बदलून घ्यावं. तिथल्या लेक्चरेटमध्ये, म्हणजे छोट्या भाषणात, कार्डावरच्या चार विषयांतला एक निवडायचा असतो, तयारीला 3 मिनिटं आणि बोलायला 3 मिनिटं. टोस्टमास्टर्स या भाषणकलेच्या क्लबांत टेबल टॉपिक्सना, म्हणजे ऐनवेळी दिलेल्या विषयांना, 1 ते 2 मिनिटं मिळतात. बोलण्याचा वेळ तिथे जुळतो, विचाराचे 30 सेकंद मात्र वेगळे मिळत नाहीत.

सोयींचं म्हणाल तर खोली लहान आणि खिडकीखालून हॉर्न. मागच्या रांगेत बसू नका. रविवारी बर्डीत गाडी लावायच्या फंदात पडू नये, मेट्रोनं सीताबर्डी इंटरचेंज स्थानकात उतरून चालत यावं. फक्त दुसरा रविवार घेतला तर 700 रुपये पडतात. त्यात पुस्तिका मिळत नाही आणि पान 4 पाहता ते बरंच आहे.